सिग्नल हरवू देऊ नका: सार्वजनिक प्रश्नांवर ऑनलाइन वाद कसा घालावा

रस्ता रुंद करण्यासाठी शंभर जुनी झाडं तोडायची की नाही, यावर वाद चालू आहे. एकाने लिहिलं: "झाडं तोडली तरी कोंडी सुटणार नाही. कोंडी रुंदीमुळे होत नाही, पुढच्या चौकातल्या सिग्नलमुळे होते." खाली उत्तर आलं: "स्वतः गाडीतून फिरायचं आणि झाडांच्या नावाने गळे काढायचे. ढोंगी!" पुढच्या तीस कमेंट वाचत जा. पहिला माणूस आपण रोज बसनेच जातो हे पटवून देतो आहे. दुसऱ्याने त्याचा गाडीसोबतचा जुना फोटो शोधून आणला आहे. तिसरा दुसऱ्याच्या नोकरीवर घसरला आहे. सिग्नलचं काय झालं, हे कोणी विचारलेलंच नाही.

वैयक्तिक हल्ल्याने मन दुखावतं, आणि ते नुकसान छोटं नाही. पण त्याहून मोठं नुकसान हे, की ज्या निर्णयाचे परिणाम हजारो लोकांना भोगायचे असतात, तो प्रश्नच चर्चेतून निसटतो. म्हणून पुढे जे सांगितलं आहे ते सगळं एकाच कामासाठी आहे: सिग्नल हरवू द्यायचा नाही.

हल्ला कशाला म्हणायचं

कसोटी सोपी आहे. वाक्यातून समोरचा माणूस काढून टाका आणि उरलेलं वाचा. "तुमचा आकडा चुकीचा आहे, त्यात मागच्या वर्षीची भर धरलेली नाही" यातला 'तुमचा' काढला तरी वाक्य उभं राहतं. "तुम्हाला आकड्यांतलं काय कळतं" यातून 'तुम्हाला' काढलं की हातात काही उरत नाही. पहिलं वाक्य कितीही कडक असलं तरी ती टीका आहे. दुसरं कितीही गोड भाषेत लिहिलं तरी तो हल्ला आहे. "आपण फार विद्वान, आपल्यापुढे आम्ही काय बोलणार" हाही हल्लाच. आदरार्थी बहुवचनाने त्याची धार कमी होत नाही.

शिवी कुणालाही ओळखता येते. अडचण होते ती बिनशिवीच्या हल्ल्यांची, कारण ते भली माणसंही दिवसभर वापरत असतात. "किती मिळाले हे लिहायचे?" हा हेतूवरचा हल्ला. कुणाच्या मनात काय आहे ते स्क्रीनवरून दिसत नाही, त्यामुळे असा आरोप सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. तो नुसता चिकटतो. अंधभक्त, चमचा, विकाऊ, देशद्रोही हे शिक्के. आणि टोमणा म्हणून वापरला की 'बुद्धिजीवी'सुद्धा. शिक्का मारला की समोरच्याचं पुढचं वाक्य वाचण्याची गरजच संपते, आणि तो मारला जातो त्यासाठीच. "तुमच्यासारखे लोक" अशी सुरुवात झाली की एकट्या माणसाकडून त्याने कधीच न बोललेल्या गोष्टींचा जबाब मागितला जातो.

सगळ्यांत जास्त चालणारा हल्ला म्हणजे "तेव्हा कुठे होतात?" तेव्हा गप्प बसणं कदाचित चूक असेलही. त्यावर वेगळी चर्चा होऊ शकते. पण त्यामुळे आज मांडलेला आकडा चुकीचा ठरत नाही आणि सिग्नलही दुरुस्त होत नाही. तसंच 'चुकीचं' आणि 'खोटं' या दोन शब्दांचं. 'चुकीचं' हा शब्द विधानाबद्दल बोलतो, 'खोटं' हा बोलणाऱ्याबद्दल: त्याला खरं माहीत होतं आणि तरी त्याने वेगळं सांगितलं, असा त्याचा अर्थ होतो. तेवढा पुरावा हातात नसेल तर 'चुकीचं' म्हणून थांबावं. आणि वाद लांबत गेला की कुणीतरी हिटलर काढतोच. माइक गॉडविन यांनी हे निरीक्षण १९९० मध्ये, यूझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावरच्या चर्चा पाहून नोंदवलं होतं.

आता दुसरी बाजू, कारण या कसोटीचा गैरवापरही भरपूर होतो. पदावरच्या माणसाच्या कामाचा हिशेब मागणं हा वैयक्तिक हल्ला नव्हे. "अध्यक्षांनी तीन वेळा मुदत वाढवून घेतली आणि काम अर्धंच झालं" हे त्यांना झोंबेल, तरी ते लिहायलाच हवं. अध्यक्षांचं दिसणं, बोलण्याची लकब, घरची माणसं यांचा मात्र त्यात काही संबंध नाही. हितसंबंधांबद्दल विचारणंही रास्त आहे: "रस्त्याचं कंत्राट ज्या कंपनीकडे आहे तिच्यासाठी तुम्ही काम करता का?" पण ते एकदाच विचारावं, काही आधार असेल तरच विचारावं आणि त्यांच्या मुद्द्याचं उत्तर दिल्यावर विचारावं. कंत्राटदाराच्या माणसाने दिलेलं मोजमापही बरोबर असू शकतं.

ज्याचं घर या रस्त्यात जाणार आहे तो शांत, तोलूनमापून लिहिणार नाही. त्याला "आधी नीट बोला, मग ऐकू" असं सांगणं म्हणजे सभ्यतेच्या आडून उत्तर टाळणं. काय चालू द्यायचं आणि काय अडवायचं हे ठरवताना स्वर पाहू नका, रोख पाहा. शब्द उग्र आहेत पण रोख निर्णयावर आहे, तर चालू द्या. शब्द मऊ आहेत पण रोख माणसावर आहे, तर अडवा.

तोल जातो कुठे

उपरोध लिहिताना आपल्या कानात आपलाच आवाज असतो. वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ईमेलने काही वाक्यं पाठवायला सांगितली होती, काही गंभीर आणि काही उपरोधिक. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की वाचणारा सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर ओळखेल. प्रत्यक्षात ओळखलं ते ५६ टक्के वेळा. नाणं उडवूनही ५० टक्के येतात. म्हणजे अनोळखी माणसाशी गंभीर प्रश्नावर बोलताना तिरकस लिहिलं, तर ते सरळ अर्थाने घेतलं जाण्याची शक्यता जवळजवळ निम्मी.

आपण मात्र तसले नाही, असं प्रत्येकालाच वाटतं. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हेच तपासलं. काहींना आधी सोपी चाचणी दिली, काहींना मनःस्थिती बिघडवणारी अवघड. मग चर्चेत उतरवलं. कुणाला वर साध्या कमेंट दिसत होत्या, कुणाला आधीच टाकलेल्या विखारी. सोपी चाचणी आणि साध्या कमेंट मिळालेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांनी विखारी लिहिलं. दोन्हींपैकी एक गोष्ट बिघडलेली असेल तेव्हा सुमारे ५० टक्के, आणि दोन्ही बिघडलेल्या असतील तेव्हा सुमारे ६८ टक्के. माणसं साधीच होती. बदलली होती ती मनःस्थिती आणि वरची कमेंट. यातून दोन गोष्टी थेट वापरता येतात. दिवस वाईट गेला असेल त्या संध्याकाळी सार्वजनिक वादात उतरू नये. आणि चर्चेच्या धाग्यातली पहिली काही उत्तरं नीट असतील याची काळजी घ्यावी, कारण पुढच्यांचं वळण तिथे ठरतं.

लाइक आणि शेअर यांना पुरावा समजू नका. विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये साडेपाच लाखांहून अधिक ट्वीट तपासली. नैतिक संताप किंवा तत्सम भावना असलेल्या प्रत्येक जादा शब्दामागे ट्वीटचा प्रसार साधारण २० टक्क्यांनी वाढत होता. तुमची जहरी कमेंट खूप फिरली, तर ती जहरी होती एवढंच त्यातून कळतं.

खरं नाव लावायला लावलं की सगळे सुधारतील, हा उपायही करून झाला आहे. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवणं सक्तीचं केलं होतं. २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो नियम रद्द केला; बेकायदा मजकूर त्यामुळे ठळकपणे कमी झाल्याचं दिसलं नव्हतं. माणसं स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या फोटोसकटही तुटून पडतात.

लिहिण्याआधी पूर्वपक्ष

न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने, चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून होतो तो वाद. काहीही करून जिंकायचं म्हणून होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा फक्त खोडून काढायचा, ती वितंडा. आपला वितंडवाद तिथूनच आला. कीबोर्डला हात लावण्याआधी स्वतःला विचारा: माझं म्हणणं एका वाक्यात काय आहे? ते वाक्य तयार होत नसेल, आणि फक्त 'हा चुकतोय' एवढंच डोक्यात घुमत असेल, तर आपण वितंडेत आहोत. थांबा आणि आधी ते वाक्य शोधा.

त्यानंतर पूर्वपक्ष. खंडन करण्याआधी समोरच्याचं मत मांडायचं, तेही असं की वाचून तो म्हणेल, "हो, हेच म्हणतोय मी." हे सौजन्यासाठी करायचं नसून नेमकेपणासाठी करायचं. निम्मे वाद समोरचा जे म्हणालाच नाही त्यावर चाललेले असतात, आणि पूर्वपक्ष लिहायला बसलं की ते तिथेच लक्षात येतं. एका कमेंटमध्ये पूर्वपक्षाला एक वाक्य, जे पटतं त्याला एक, हरकतीला दोन-तीन आणि शेवटी उत्तर देता येईल असा एक प्रश्न, एवढं पुरतं. झाडांच्या बाजूचा माणूस रस्त्याच्या बाजूच्या माणसाला असं लिहू शकतो:

"तुमचं म्हणणं मला असं समजलं: रस्ता रुंद झाला की रुग्णवाहिका अडकणार नाहीत, आणि माणसाचा जीव झाडापेक्षा मोठा आहे. रुग्णवाहिकेची अडचण मलाही मान्य आहे. पण कोंडी होते ती चौकाच्या अलीकडच्या दोनशे मीटरमध्ये. चौक ओलांडला की रस्ता तेवढ्याच रुंदीचा असून वाहता असतो. म्हणून आधी सिग्नलची वेळ बदलून महिनाभर पाहावं असं मला वाटतं. वेळ बदलूनही कोंडी राहील असं मानायला काही कारण आहे का?"

ही कमेंट जरा जवळून पाहा. 'रुग्णवाहिका' आणि 'जीव' हे समोरच्याचेच शब्द घेतले आहेत; त्यांच्या जागी 'तुमचा विकास' असं टाकलं असतं तर पूर्वपक्षच टोमणा झाला असता. मान्य केलेली गोष्ट खरोखर वजनदार आहे. "तुमच्या भावना समजतात" असं पोकळ मान्य करणं उलट चिडवतं. हरकतीत दोनशे मीटर हे मोजता येणारं अंतर आहे. कुणीही जाऊन पाहू शकतं. आणि शेवटचा प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर देण्यात समोरच्याची हार नाही. त्याच्याकडे कारण असेल तर तो ते सांगेल, आणि ते आपल्याला कळणं हा आपलाच फायदा.

न्यायदर्शनात 'छल' म्हणून एक दोष सांगितला आहे: बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवायचा आणि मग त्या अर्थाचं खंडन करायचं. त्याचं जुनं उदाहरण मराठीतही तसंच लागू पडतं. कुणी म्हणालं, "हा मुलगा नवकंबल आहे," म्हणजे त्याच्या अंगावर नवं कांबळं आहे. पण 'नव' म्हणजे नऊही. दुसरा म्हणतो, "नऊ कुठे? एकच तर दिसतंय." आजचा छल असा असतो: एकाने लिहिलं "सगळे नियम धाब्यावर बसवले", त्याला उत्तर येतं "सगळे? हा बघा एक पाळलेला." बोलण्याच्या ओघातल्या 'सगळे'ला धरून बसणं हा छल आहे, पण 'सगळे' न लिहिता "परवानगीच्या तारखेआधी काम सुरू केलं" असं लिहिलं असतं तर छलाला जागाच उरली नसती. नेहमी, कधीच, सगळे, कुणीच नाही हे शब्द पाठवण्याआधी शोधून काढा.

वाक्यावर हात फिरवताना

वाक्याचा कर्ता बदला. "तुम्ही दिशाभूल करताय" याऐवजी "या आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही, त्यामुळे वाढ आहे त्याहून मोठी दिसते." दुसरं वाक्य लिहायला जास्त वेळ लागतो, कारण त्यासाठी आलेख खरोखर पाहावा लागतो. आणि वाचणाऱ्याला दिशाभूल काय ते आपोआप कळतं.

मराठीत विष फार छोट्या शब्दांत मावतं, ते वेचून काढावं लागतं. 'म्हणे' घ्या: "तज्ज्ञ म्हणे!" 'तरी' घ्या: "अहवाल वाचलात तरी का?" यातला 'तरी' काढला की तेच वाक्य साधा प्रश्न होतो. "एवढंही माहीत नाही?" मधलं 'एवढंही'. अवतरण चिन्हांत टाकलेला 'तज्ज्ञ'. शेवटी टाकलेला हसणारा चेहरा, ज्याचा अर्थ बहुतेकदा 'मी तुम्हाला हसतोय' असाच घेतला जातो. यातलं काही रागाने टाकलेलं नसतं, सवयीने आलेलं असतं, म्हणूनच ते मुद्दाम शोधायचं.

संबोधनाचं तर आपल्याकडे फारच भान ठेवावं लागतं. एकेरीवर येणं हे भांडणाचं पहिलं पाऊल, हे सगळ्यांना माहीत आहे. अनोळखी माणसाशी 'तुम्ही'ने सुरुवात करा आणि 'तुम्ही'नेच संपवा, समोरचा वयाने लहान वाटला तरी आणि तो 'तू'वर आला तरी. पण भर वादात 'ताई', 'काका', 'साहेब', 'बाळा' हेही एकेरीइतकंच बोचतं. "अहो ताई, हे विषय वेगळे असतात" या वाक्यात नात्याचा शब्द मायेचा नाही, मुद्द्याला लहान करणारा आहे. वादात माणसाचं नाव घ्यावं किंवा संबोधन टाळावं.

आता थांबणं. ट्विटरने २०२१ मध्ये जाहीर केलेली एक गोष्ट इथे उपयोगी आहे: दुखावणारं उत्तर पाठवण्याआधी "पुन्हा एकदा वाचता का?" अशी सूचना दाखवली, तेव्हा ३४ टक्के लोकांनी ते उत्तर बदललं किंवा पाठवलंच नाही. कुणी अडवलं नव्हतं, फक्त क्षणभर थांबवलं होतं. ही सूचना आपली आपल्याला देता येते. उत्तर कमेंटच्या चौकटीत लिहूच नका, फोनवरच्या नोंदवहीत लिहा. चौकटीत लिहिलं की बोट आपोआप पाठवण्याच्या खुणेवर जातं. वीस मिनिटं दुसरं काही करा. मग मोठ्याने वाचा, समोर तो माणूस बसला आहे असं समजून. जे वाक्य उच्चारताना जीभ अडखळते ते काढा. बहुतेक वेळा ते पहिलंच वाक्य असतं: राग तिथे जमा झालेला असतो आणि काम दुसऱ्या वाक्यापासून सुरू होतं.

एका कमेंटमध्ये एकच मुद्दा ठेवा. पाच मुद्दे दिले की समोरचा त्यातला सर्वांत कच्चा उचलतो आणि बाकीचे चार वाया जातात. दुवा देत असाल तर कुठल्या पानावर, कुठल्या तक्त्यात ते सांगा. "गूगल करा" हे उत्तर नव्हे.

हल्ला आपल्यावर झाला तर

आधी चाळणी लावा. शिव्यांच्या ढिगात कधी कधी खरा मुद्दा असतो: "काही कळत नाही तर लिहिता कशाला, तो रस्ता नगरपालिकेचा नाहीच!" कळत-नाही सोडून द्या आणि रस्ता कुणाचा ते तपासा. ते बरोबर निघालं तर लिहा: "रस्ता नगरपालिकेकडे नाही हे बरोबर आहे, मी चुकीचं लिहिलं होतं. सिग्नल मात्र तिच्याकडेच आहे." हे उत्तर शंभर जण वाचत असतात. त्यातले बहुतेक काहीच लिहीत नाहीत, पण मत त्यांचंच बनत असतं. आपण लिहितो ते त्यांच्यासाठी.

मुद्दा अजिबात नसेल तर एकदा वाट दाखवा: "माझ्याबद्दलचं बाजूला ठेवूया. सिग्नलच्या वेळेबद्दल तुमचं मत काय?" पुन्हा हल्लाच आला तर उत्तर देऊ नका. एका माणसाच्या बिनमुद्द्याच्या हल्ल्याला एका धाग्यात एकच उत्तर, ही वरची मर्यादा समजा.

इथे बहुतेक चांगली माणसं एक चूक करतात: सफाई देतात. "मी गाडीने जात नाही, मी बसने जातो." हे खरं असलं तरी लिहू नका. सफाई दिली की आपणच मान्य केलं, की आपण गाडीने जात असतो तर सिग्नलचा मुद्दा चुकीचा ठरला असता. मग वाद बसच्या तिकिटापर्यंत जातो. अपवाद एकच: आरोप असा असेल की गप्प बसल्याने नोकरी, व्यवसाय किंवा सुरक्षितता धोक्यात येईल. तेव्हा एका वाक्यात, पुराव्यासह, एकदाच नाकारा.

बाहेर पडतानाही नीट पडावं. "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही" हा जाताजाता मारलेला दगड आहे. "माझं म्हणणं मांडून झालं आहे. सिग्नलच्या वेळेची नवी माहिती आली तर पुन्हा लिहीन" एवढं पुरे. मूळ कमेंट गुपचूप बदलू नका; बदललीत तर 'दुरुस्ती' असं लिहून बदला, नाहीतर खालची उत्तरं निरर्थक दिसतात आणि आपण लबाड ठरतो. हल्ल्याचा स्क्रीनशॉट आपल्या पानावर नावासकट टाकून "बघा हा काय म्हणतो" असंही करू नका. आपले दोनशे वाचक त्याच्यावर तुटून पडले की हल्लेखोर कोण, हे सांगता येत नाही. त्यातला विचार चर्चेला घ्यायचाच असेल तर नाव आणि फोटो झाका.

धमकी, घरचा पत्ता किंवा फोन नंबर उघड करणं, लैंगिक भाषा, बनवलेले फोटो, मुलाबाळांचा उल्लेख: हे वादात मोडतच नाही. तिथे वरचं काहीही लागू करू नका, उत्तर तर अजिबात देऊ नका. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पुरावा जपा: पूर्ण स्क्रीनशॉट, ज्यात खात्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसेल, सोबत त्या पोस्टचा आणि खात्याचा दुवा कॉपी करून ठेवा, कारण खात्याचं दिसणारं नाव क्षणात बदलता येतं. मग रिपोर्ट करा. मग ब्लॉक. उलट केलं तर मजकूर आधी नाहीसा होतो आणि दाखवायला हातात काही राहत नाही. विश्वासातल्या एका माणसाला त्याच दिवशी सांगा आणि पुढचे संदेश वाचायचं काम काही दिवस त्याच्याकडे द्या. जिवाची धमकी किंवा पत्ता उघड झाला असेल तर पोलिसांकडे जायला दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

बघणाऱ्यांनी काय करावं

वाद वाचवण्याची सर्वांत जास्त ताकद त्यात नसलेल्यांकडे असते, आणि तेच सर्वांत कमी बोलतात. केविन मंगर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ट्विटरवरच्या प्रयोगात वांशिक शिवी वापरणाऱ्या गोऱ्या पुरुषांना काही खात्यांनी एका साध्या वाक्यात टोकलं. ठळक फरक पडला तो टोकणारं खातं त्यांच्याच गटातलं, गोऱ्या माणसाचं वाटत होतं आणि त्याला भरपूर फॉलोअर होते तेव्हा. म्हणून विरोधी बाजूच्या माणसाला सभ्यता शिकवण्यात वेळ घालवू नका. आपल्या बाजूचा घसरला की आपण टोका. शक्यतो आधी खासगीत: "मुद्दा तुझा बरोबर आहे, पण 'ढोंगी'मुळे तो वाया चाललाय. तो शब्द काढतोस का?" तो बधला नाही तर उघडपणे, एका वाक्यात, आणि लगेच मुद्द्यावर या.

हल्ला झालेल्याला "लक्ष देऊ नका" म्हणण्याऐवजी त्याच्या मुद्द्याला उत्तर द्या. "सिग्नलचा मुद्दा राहिलाच. त्याची वेळ कुणी मोजली आहे का?" या एका ओळीने धागा पुन्हा रुळावर येऊ शकतो.

ॲडमिनसाठी

नियम पाचपेक्षा जास्त नकोत, आणि 'सभ्य भाषा वापरा' हा नियम नव्हे. प्रत्येकाची सभ्यता वेगळी असते. काय चालणार नाही ते नेमकं लिहा: माणसावर, त्याच्या जातधर्मावर, दिसण्यावर, कुटुंबावर टिप्पणी, हेतूचा बिनपुराव्याचा आरोप, दुसऱ्याची खासगी माहिती. विकिपीडियावर संपादकांसाठी जुना दंडक आहे की मजकुराबद्दल बोला, तो लिहिणाऱ्याबद्दल नको. एकच नियम ठेवायचा असेल तर हा ठेवा.

कारवाई पायरीने करा: खासगी सूचना, मग कमेंट काढणं, मग एका आठवड्यासाठी लिहिण्यास बंदी, मग बाहेर. धमकी आणि खासगी माहितीला मात्र पायऱ्या नाहीत. कमेंट काढल्यावर तिथे कारण लिहा: "माणसावरची टिप्पणी काढली. मुद्दा पुन्हा मांडता येईल." कारण न देता काढलं की दडपशाहीची ओरड होते, आणि ती अगदीच चुकीची नसते.

ॲडमिनकडून हमखास होणाऱ्या चुका दोन. पहिली: एकाने हल्ला केला, दुसऱ्याने सहन केला आणि ॲडमिन लिहितो, "दोघांनीही शांत राहावं." यात सहन करणाऱ्याला शिक्षा होते आणि तो पुन्हा लिहीत नाही. कुणाचं कुठलं वाक्य नियमाबाहेर आहे ते नाव घेऊन सांगा. दुसरी: सगळा धागाच उडवणं. त्यात सिग्नलची चांगली माहितीही जाते, आणि ज्याला चर्चा बंद पाडायची होती त्याला कळतं की त्यासाठी चार शिव्या पुरतात. धागा तापलाच तर रात्रीपुरता कुलूपबंद करा, पुन्हा कधी उघडणार ते लिहा, आणि उघडताना राहिलेला प्रश्न सर्वांत वर मांडा. स्वतः वादात बाजू घेतली असेल तर त्या धाग्यापुरतं दुसऱ्या ॲडमिनकडे सोपवा.

हल्ला आपल्या हातून झाला असेल तर

माफी जिथे हल्ला केला तिथेच, त्याच धाग्यात मागा. खासगीत मागितलेली माफी उघड हल्ल्याला पुरत नाही. "कुणी दुखावलं असेल तर क्षमस्व" मध्ये 'असेल तर' आहे, तोवर ती माफी नाही. काय केलं ते नाव घेऊन सांगा, कारणं देऊ नका, आणि "पण तुम्हीही" ही दोन शब्दांची खोड तर आठवणीने टाळा. त्यानंतर हल्ल्यामुळे बुडालेल्या मुद्द्याला उत्तर द्या. माफीचा खरा भाग तोच. उदाहरणार्थ: "काल मी तुम्हाला ढोंगी म्हटलं आणि तुमच्या गाडीबद्दल लिहिलं. ते चूक होतं, ते शब्द मी काढले आहेत. तुमचा सिग्नलचा मुद्दा त्यात राहून गेला. मी आज संध्याकाळी सहा ते सात चौकात थांबून पाहिलं. तुमच्या बाजूचा हिरवा दिवा २० सेकंद राहतो आणि आडव्या रस्त्याचा ५५. याबद्दल अर्ज करायचा झाला तर कुणाकडे करावा लागेल?"